राबणाऱ्यांच्या ताटाचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेत एखादा इतिहासावरचा लेख असावा, असे मंडळाच्या बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की मला लढाया, गड आणि सनावळ्या एवढेच आठवते. परंतु जन्म गेला चुलीशी, म्हणून विचार केला की ज्या गोष्टीत आपला हात रोज असतो तिचाच इतिहास का शोधू नये? राजे काय जेवत, पंगतीला काय पक्वान्ने असत, हे पुष्कळांनी लिहिले आहे. पण माती खणणारा, गिरणीत उभा राहणारा, डोक्यावर पाटी वाहणारी, यांच्या ताटात किती पडत होते आणि किती पडावयास हवे होते, हे कोणी मोजले होते काय? वाचनालयातून पुस्तके आणली, आकडे पाहावयास लेकीची मदत घेतली, आणि असे दिसून आले की हे मोजमाप आपल्याकडे फार पूर्वीपासून झालेले आहे. त्याची ही हकीकत.

आधी एक शब्द समजून घेऊ. कॅलरी म्हणजे उष्मांक. एक लिटर पाणी एका अंशाने तापवावयास जेवढी उष्णता लागते, तो अन्नाच्या हिशेबातला एक उष्मांक. शेगडीत कोळसा घातला नाही तर पाणी तापत नाही, तसेच शरीरात अन्न गेले नाही तर हातपाय चालत नाहीत. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी, गहू किंवा तांदूळ घेतले तर त्यांत साधारण साडेतीनशे उष्मांक असतात. तुरीच्या डाळीतही जवळजवळ तितकेच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या आसपास, आणि तेलातुपात नऊशे. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे हिशेब घरच्या घरी करता येतात.

आता १८७६ सालाकडे जाऊ. त्या साली दख्खनेत पाऊस पडला नाही. सोलापूर, विजापूर, नगर, पुणे, सातारा अशा सगळ्या कोरडवाहू मुलखात हाहाकार झाला. मद्रास इलाखा व म्हैसूर यांची दशा तर त्याहून वाईट होती. सरकारने दुष्काळी कामे काढली. तलाव खणावयाचे, खडी फोडावयाची, रस्ते बांधावयाचे आणि त्याबद्दल मजुरी घ्यावयाची. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी खर्चावर आळा घालण्यासाठी १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांस दौऱ्यावर पाठविले. टेंपलसाहेबांनी असे मत मांडले की काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य पुरे. म्हणजे मजुरी इतकी द्यावयाची की तीत एक पौंड धान्य व वर किरकोळ काही मिळावे. स्त्रियांस व मुलांस त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आपण गृहिणी आहोत, आपल्याला हे माप डोळ्यांसमोर आणता येते. एका मध्यम भाकरीला ऐंशी ग्रॅम पीठ धरले तर साडेपाच भाकऱ्या झाल्या. उष्मांक सुमारे १,६००. डाळ, तेल, भाजी विकत घेण्यास हाती काही उरत नव्हतेच, असे धरा. तेवढ्यावर दिवसभर कुदळ मारावयाची! आजच्या शास्त्राप्रमाणे अशा अतिकष्टाच्या कामाला पुरुषास ३,४७० उष्मांक लागतात. म्हणजे ताट अर्ध्याहून अधिक रिकामे होते.

हे अन्न पुरत नाही, हे सांगावयास त्या काळीही माणसे पुढे आली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या मापास उघड विरोध केला. ते स्वतः सरकारी अधिकारी होते, तरीही माणसे वाळून मरत आहेत असे त्यांनी लिहून कळविले. इकडे पुण्यात सार्वजनिक सभा होती. १८७० साली स्थापन झालेली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे तिचे आधार. सभेने दुष्काळी भागांत आपली माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. मजुरांनीही पुष्कळ ठिकाणी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि कामे सोडून ते निघून गेले. उपाशी माणसाने हाती असलेले काम सोडणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्या कामाने पोट भरत नाही, उलट अंगातले होते तेही झिजते, ते काम करण्यापेक्षा न केलेले बरे, हे त्यांना पुस्तकावाचून कळले होते. शेवटी १८७७ च्या मे महिन्यात मद्रासमध्ये मजुरी वाढवावी लागली. पण तोवर फार उशीर झाला होता. त्या दोन वर्षांत इंग्रजी मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली.

या अनर्थानंतर दुष्काळ कमिशन बसले, त्याचा अहवाल १८८० साली आला आणि पुढे प्रत्येक प्रांतासाठी दुष्काळी नियम तयार झाले. त्यांत मजुरीचे दर धान्याच्या मापाने ठरवीत. खणणाऱ्याचा दर वरचा, ओझे वाहणाऱ्याचा खालचा. ओझे वाहण्याचे काम बहुधा स्त्रियांकडेच असे. तेव्हापासून एक गोष्ट सरकारी कागदावर आली की कामाच्या मानाने अन्न लागते. आणि त्याच कागदावर हेही आले की बाईचे काम हलके. ही दुसरी गोष्ट आपण पुढे तपासून पाहू.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. मग एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. काळाचौकी, लालबाग, परळ, भायखळा, वरळी, नायगाव हा सारा भाग गिरणगाव झाला. कोकणातून रत्नागिरी, सावंतवाडीचे आणि घाटावरून सातारा, पुणे, नगरचे गडी येऊ लागले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरण्यांत दीड लाखाच्या घरात माणसे कामाला होती. बायकाही होत्या. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात त्यांचीच वस्ती असे.

गिरणीचे काम कुदळीसारखे दिसत नसले तरी कष्टाचेच. दिवसभर उभे राहावयाचे, साच्यामागे धावावयाचे. सूत तुटू नये म्हणून खात्यात वाफ सोडलेली असे, तिने अंगातून पाण्याच्या धारा लागत. सुरुवातीच्या काळी काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा काही गिरण्यांत ते चौदा-चौदा तासांवर गेले.

अशा कामात नुसते अन्न असून भागत नाही, ते खावयास वेळही लागतो. ही गोष्ट प्रथम ठासून मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय होत्या, पाहा. आठवड्याला रविवारी सुटी, वेळेवर पगार, काम करताना अपघात झाल्यास भरपाई, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. अर्धा तास! भाकरी सोडून खाण्यापुरता वेळ. त्याआधी साचा चालू असतानाच कोपऱ्यात चार घास कोंबावे लागत. १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तास मिळाला. आज आपल्या घरचे माणूस जेवणाची सुटी म्हणून डबा उघडते, तेव्हा त्या अर्ध्या तासासाठी सह्या व अंगठे उमटवणाऱ्यांची आठवण ठेवावी.

आता हे अन्न शिजवीत कोण होते? गावाकडून आलेल्या बहुतेक गड्यांची कुटुंबे गावीच असत. मुंबईत एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहत. ट्रंका भिंतीला लावलेल्या. पाळीप्रमाणे झोपावयाचे, एक उठला की दुसरा आडवा व्हावयाचा. अशांच्या जेवणासाठी खानावळी होत्या. खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. चाळीतली आपल्यासारखीच एखादी संसारी बाई. कोणाचा नवरा आजारी, कोणाचा व्यसनी, कोणी विधवा. ती आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस गडी जेवावयास घाली आणि पगाराच्या तारखेला महिन्याचे पैसे घेई. कोकणातल्या गड्याला भात आणि माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. रविवारी मटण. गडी तिला मावशी किंवा काकी म्हणत आणि घरच्यासारखे भांडतही. "मावशी, आज कालवण पातळ झालं." "बाबा, वाण्याकडून आजपास्नं उधारी बंद झालीय, पातळच होणार!" असा संवाद रोजचा.

माझ्या सासूबाईंनी लालबागच्या चाळीत अशी खानावळ चालविली होती. त्यांच्याकडून ऐकलेला हिशेब सांगते. जेवणारे वीस. माणशी चार भाकऱ्या. म्हणजे एका वेळच्या ऐंशी आणि दोन वेळच्या एकशे साठ. पहाटे चारला उठून सार्वजनिक नळावरून पाणी भरावयाचे. पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत. मग दुपारच्या जेवणाची तयारी, मग दुसऱ्या पाळीचे, मग रात्रीचे. मधे बाजार, निवडणे, भांडी. त्या सांगत, "गड्याला उपाशी पाठवलं तर तो साच्यावर चक्कर येऊन पडंल, म्हणून आधी त्याचं ताट." आणि स्वतःचे? ते दुपारी तीनला, उरलेल्यातले. कालवण संपलेले असले तर मीठमिरची.

सासूबाईंनी ही गोष्ट कधी तक्रार म्हणून सांगितली नाही. मला मात्र ती इतिहास वाचताना पुन:पुन्हा आठवत राहिली, त्याचे कारण पुढे येते.

गिरणी कामगार काय खातात, याची पहिली मोठी सरकारी पाहणी मुंबईत १९२१-२२ साली झाली आणि तिचा अहवाल १९२३ साली निघाला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचे फिंडले शिरास हे तिचे प्रमुख होते. खात्याची माणसे चाळीचाळींतून हिंडली आणि हजारो कुटुंबांचा जमाखर्च त्यांनी टिपून घेतला. बहुतेक कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, आणि मिळकतीतला निम्म्याहून अधिक पैसा पोटाला जात होता. मग त्यांनी खाण्याची तुलना केली. निष्कर्ष असा की कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळी नियमांत सांगितलेल्या मापाएवढे होते, पण मुंबईच्या तुरुंगांत कैद्यांसाठी जो आहार ठरवून दिला होता त्यापेक्षा ते कमी होते. म्हणजे ज्या हातांनी साऱ्या देशासाठी कापड विणले त्यांच्या ताटापेक्षा कैद्याचे ताट मोठे! सरकारनेच छापलेले हे वाक्य पुढे कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या कितीतरी जणांनी उद्धृत केले.

त्यानंतर शास्त्राचा भाग आला. निलगिरीतल्या कुन्नूर येथे अन्नावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. तिचे संचालक डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ साली एक लहान पुस्तिका काढली. तीत आपल्याकडच्या धान्यांत, डाळींत, भाज्यांत काय काय किती आहे ते दिले होते आणि समतोल आहार कसा आखावा तेही सांगितले होते. नुसते पोट भरणे वेगळे आणि पोसणे वेगळे, हे त्यातून लोकांस कळू लागले. फार सडलेल्या तांदळातून कोंड्याबरोबर जीवनसत्त्व निघून जाते, नुसत्या धान्यावर राहिल्यास अंगात ताकद राहत नाही, धान्याला डाळीची जोड हवी, पालेभाजी हवी, थोडे दूध हवे, असे ते शास्त्र. आपल्या आज्या भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर आमटी वाढीत आल्या, त्यात हेच शहाणपण होते. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम नाही, पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती, आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह, असे त्याने ठरविले. आणि १९५७ च्या जुलै महिन्यात दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. गुलझारीलाल नंदा हे त्या वेळी मजूरमंत्री होते. कामगाराची किमान मजुरी किती असावी, याचा हिशेब तेथे ठरला. त्यात आयक्रॉइडसाहेबांचे माप घेतले. मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या माणसास दिवसाला २,७०० उष्मांक. कुटुंबाचे तीन भाग धरावयाचे. त्याशिवाय वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण मजुरीचा पाचवा हिस्सा. १८७७ च्या एक पौंडापासून निघून आपण येथवर आलो. माणसाला काम करावयास किती अन्न लागते, यावरून त्याची मजुरी ठरली पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण ते तीन भाग कसे पाडले, ते पाहा. कमावता पुरुष म्हणजे एक भाग. बायको म्हणजे ०.८. दोन मुले, प्रत्येकी ०.६. बेरीज बरोबर तीन. २,७०० चे ०.८ केले की २,१६० होतात. आता आजचे आकडे घेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली जे प्रमाण दिले त्यात बैठे काम करणाऱ्या स्त्रीस १,६६० उष्मांक, मध्यम काम करणाऱ्या स्त्रीस २,१३० आणि अतिकष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीस २,७२०. पुरुषांस अनुक्रमे २,११०, २,७१० आणि ३,४७०.

भगिनींनो, हे आकडे एकदा शांतपणे वाचा. मध्यम काम करणाऱ्या बाईसाठी ०.८ हे माप ठीक आहे, ते चुकीचे नव्हे. पण कष्टाचे काम करणाऱ्या बाईस लागतात २,७२०, म्हणजे मध्यम काम करणाऱ्या पुरुषाइतकेच, दहा उष्मांक अधिकच! जी डोक्यावर विटा वाहते, जी शेतात दिवसभर वाकून खुरपते, जी रोजच्या एकशे साठ भाकऱ्या थापते आणि त्याखेरीज पाणी भरते, ती ०.८ नव्हे, ती पुरी एक आहे. घरातले काम हे काम नव्हेच, अशी समजूत असल्यामुळे तिची गणना सदैव हलक्या कामात झाली. आणि त्यातही तिच्या नावावर जे ०.८ लिहिले होते, तेही ती कधी पुरते जेवली नाही. कारण ताटे वाढणारी तीच होती आणि शेवटची पंगत तिचीच होती. सासूबाईंच्या मीठभाकरीची आठवण मला होते ती येथे.

गरोदर स्त्रीस याहून साडेतीनशे उष्मांक अधिक लागतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईस पहिले सहा महिने सहाशे अधिक. हे वाचले की आपल्या घरात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर का करीत ते उमगते. जुन्या बायकांनी उष्मांक मोजले नव्हते, पण बाळंतिणीला जास्त लागते हे त्यांना पक्के ठाऊक होते. मात्र बाळंतपण सरले की तीच सून पुन्हा शेवटच्या पंगतीला!

इतिहासाकडे पुन्हा येते. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. या वेळी मात्र १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. गावोगाव कामे निघाली. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे या कामांवर होती, आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. कामावरच्या लोकांस सुकडी वाटीत. पीठ, गूळ, तेल यांची ती कोरडी वडी किंवा भुगा. आमच्या घरची वडील माणसे त्या सुकडीची चव अजून सांगतात. खडी फोडणाऱ्याला भाकरीखेरीज असे काही घट्ट अन्न दिले पाहिजे, हे तोवर सरकारलाही पटले होते. याच अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली, वि. स. पागे हे तिचे प्रणेते, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या योजनेत बाई व पुरुष यांच्या दरांत भेद ठेवला नाही. शंभर वर्षांनी का होईना, पाटी वाहणारीचे काम कागदावर हलके राहिले नाही.

इकडे मुंबईत १९७३-७४ साली गिरण्यांचा संप झाला. संपात गड्यांना पगार नाही, म्हणून खानावळवालीला पैसे नाहीत. तरी तिने त्यांना जेवू घातले. स्वतःचे मणी-डोरले गहाण टाकून, वाण्याचे आणि सावकाराचे देणे डोक्यावर घेऊन. संप मिटला, गडी कामावर गेले, आणि या बायका कर्जात राहिल्या. प्रेमाताई पुरव यांच्या ध्यानात ही गोष्ट आली. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या आणि मग गिरणगावात कामगारांत काम करणाऱ्या. त्यांनी १९७५ साली या बायकांस एकत्र केले आणि पहिल्या १४ जणींस बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि पुढे हजारो खानावळवाल्या त्यात आल्या. ज्यांच्याकडे तारण ठेवावयास काही नव्हते त्या बायकांनी कर्जे फेडून दाखविली. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली. मंडळ म्हणजे हळदीकुंकू आणि भजन एवढेच नव्हे, हे आपल्यासारख्या मंडळांनी त्यांच्याकडून शिकावे.

१९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते. तो संप सरळ मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गडी गावी गेले, आणि त्यांच्याबरोबर खानावळीही गेल्या. सासूबाईंच्या वहीत कित्येकांची बाकी तशीच राहिली. "अन्नाचं देणं कशाला मागायचं?" असे म्हणून त्यांनी ती वही बंद केली.

आता तुम्ही म्हणाल, गिरण्या गेल्या, मग या इतिहासाचा आज उपयोग काय? उपयोग आहे. कष्टाचे काम गेलेले नाही, फक्त जागा बदलली. आपल्याच शेजारच्या बायका पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करतात, इमारतींचे जिने पुसतात, भाजीच्या पाट्या वाहतात. घरातून निघताना कपभर चहा आणि एखादे बटर. दुपारी दोनपर्यंत पोटात आणखी एक चहा. हे पाहिले की टेंपलसाहेबांचे एक पौंड सुद्धा मोठे वाटू लागते! आणि फरक असा, की तेथे माप घालून देणारा सरकारी साहेब होता, येथे आपले माप आपणच कापतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्यामागे कारणे पुष्कळ असतील, पण शेवटची पंगत हे त्यांतले एक आहेच.

मग कष्ट करणाऱ्या बाईच्या ताटात दिवसभरात काय असावे? मी घरच्या मापाने हिशेब मांडून पाहिला. मध्यम आकाराच्या साडेचार भाकऱ्या, उष्मांक १,२५५. पाऊण मूद नव्हे, पंचाहत्तर ग्रॅम तांदळाचा चांगला वाटीभराहून अधिक भात, २६०. तेवढ्याच वजनाची डाळ किंवा कडधान्य, आमटी-उसळ मिळून, २५५. दोन मुठी म्हणजे चाळीस ग्रॅम शेंगदाणे, चटणीत किंवा कुटात, २२५. गुळाचा खडा तीस ग्रॅमचा, ११५. सगळ्या स्वयंपाकात मिळून तिच्या वाट्याचे तेल तीस ग्रॅम, २७०. एक लहान पेला गाईचे दूध किंवा तेवढ्याचे दही, १३०. भाज्या व पालेभाजी, १००. एक केळे, १००. बेरीज २,७१०.

यात महाग वस्तू एकही नाही. मुद्दा असा ध्यानात येईल, की नुसत्या भाकरीने हा आकडा गाठावयाचा तर नऊ-दहा भाकऱ्या खाव्या लागतील, आणि तेवढी जागा पोटात नसते. म्हणून कष्टकऱ्याच्या ताटात शेंगदाणे, तीळ, तेल अशी थोडक्यात पुष्कळ देणारी वस्तू हवी. गूळ-शेंगदाण्याची मूठ हा गरिबाचा खरा खुराक. चहा-बटरने भूक मरते, पण अंगाला लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो त्या लोहाच्या आड येतो. मधुमेह किंवा दुसरा काही आजार असेल त्यांनी अर्थात डॉक्टरांस विचारून आपले प्रमाण ठरवावे. ज्यांचे काम बैठे आहे त्यांनी हे ताट आपले समजू नये, त्यांस १,६६० पुरे!

सर्वांत महत्त्वाची गोष्ट खर्चाची नाहीच. ती पंगतीची आहे. सकाळी कामाला बाहेर पडण्यापूर्वी बाईने अर्धी-एक भाकरी खाऊनच पडावे. रात्री सर्वांबरोबर बसून जेवावे, निदान आपले ताट आधी वाढून झाकून ठेवावे. लेकीला आणि सुनेला मुलाइतकेच वाढावे, आणि काम अधिक असेल त्या दिवशी अधिक वाढावे. आपल्या मंडळाने श्रावणातल्या कार्यक्रमात एक दिवस असा ठेवावा की कामावर जाणाऱ्या शेजारणींना बोलावून हा हिशेब त्यांच्यापुढे भाकरी आणि वाटी घेऊन प्रत्यक्ष मांडावा. कागदावरच्या आकड्यांपेक्षा ते लवकर पटेल.

एक पौंड धान्य नाकारून काम सोडणारे मजूर, अर्ध्या तासासाठी अंगठा उमटवणारे गिरणीवाले, डोरले गहाण ठेवून परक्या मुलांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या, या सर्वांनी दुसऱ्याच्या ताटासाठी झगडून पुष्कळ मिळविले. आपल्या वाट्याला आलेले काम त्या मानाने सोपे आहे. आपण वाढपी आहोत, पळी आपल्याच हातात आहे. तिच्यातले पुरते एक माप स्वतःच्या ताटात पडू द्यावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करते.